आधी तो फ्लेक्स उतरवा

हसू नका. मागच्या बाकावर जी कुजबुज चालली आहे ती पण बंद. परीक्षा संपली म्हणून बाई आज काही बोलणार नाहीत, असं ज्यांना वाटत होतं त्यांनी नीट बसावं. आज मी धडा शिकवणार नाही. आज तुमचे कान उपटायचे आहेत, आणि वेळ भरपूर आहे.

काल दुपारी शाळा सुटली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. धुळीत घोराडेश्वराचा डोंगर दिसेनासा झाला होता. जिल्ह्यासाठी पिवळा इशारा सकाळपासून होता, मी फळ्याच्या कोपऱ्यात तो लिहिलाही होता. तरी नववी ‘ब’ काय करत होती? तिघे जण रस्त्याकडेच्या जाहिरातीच्या फलकाखाली सायकली टेकवून उभे. दोघी गुलमोहराखाली. एक महाशय सायकलींच्या शेडच्या पत्र्यावर चढून, हात पसरून वारा खात होते. आणि खाली उभा राहून त्यांचा व्हिडिओ कोण काढत होतं? वर्गाचा मॉनिटर! उभा राहा. नाही, बसू नकोस, मी सांगेपर्यंत उभाच राहा.

मला राग कशाचा आला ते सांगते. तुम्हाला काही कळत नाही, याचा नाही. तुम्हाला कळतं, आणि तरीही तुम्ही असं वागता, याचा. डिसेंबरात याच वर्गाला अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या बर्फाचं वेड लागलं होतं. दारं बर्फात बुडालेली, गाड्या गाडल्या गेलेल्या, सगळे व्हिडिओ तुम्ही मला मधल्या सुट्टीत दाखवलेत. ‘लेक इफेक्ट’ तर तोंडपाठ! कॅनडाकडून कोरडी, गोठवणारी हवा येते. ती ईरी सरोवराच्या त्यामानाने कोमट पाण्यावरून जाते, खालून ऊब आणि बाष्प घेते, वर चढते, आणि पलीकडच्या काठावर सगळं बर्फ होऊन कोसळतं. सरोवर सुमारे ३९० किलोमीटर लांब, वारा त्या लांबीच्या दिशेने वाहिला की बफेलो नेमकं टोकाला सापडतं. पट्टा अरुंद असतो, म्हणून शहराच्या एका भागात छातीएवढा बर्फ आणि काही मैलांवर जेमतेम भुरभुर. सरोवर गोठलं की खेळ संपला. हे सगळं तुम्ही मला बिनचूक सांगितलंत. मी शाबासकीही दिली.

मग आता सांगा, काल तुमच्या डोक्यावर आलेला ढग कसा तयार झाला?

कोणीच नाही? वा. बफेलोचा ढग पाठ आणि देहूरोडचा परका!

ऐका तर. एप्रिल-मे महिन्यांत दुपारपर्यंत जमीन भाजून निघते. तिच्यालगतची हवा तापते आणि वर उसळते. समुद्राकडून बाष्प आलेलं असलं आणि वरची हवा थंड असली, की ही उसळी थांबत नाही. तासा-दीड तासात ढग दहा-बारा किलोमीटर उंच होतो. आपण म्हणतो वळीव. इथवर तुम्ही भूगोलात शिकलात. आता पुढचं लक्ष देऊन ऐका, कारण जीव जातो तो इथे. ढगातून पाऊस पडू लागतो, पण खालची हवा कोरडी असते. काही थेंब वाटेतच वाफ होतात आणि ती हवा गार करून टाकतात. गार हवा जड, म्हणून ती धाडकन खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. तोच तो गार वारा. पावसाच्या आधी येतो, धूळ उडवतो, आणि तुम्हाला वाटतं, आहाहा, काय छान हवा सुटली! उकाड्यातून सुटका झाली म्हणून तुम्ही बाहेर येता. वादळाचा सगळ्यांत जोरकस वारा पुष्कळदा तोच असतो. पहिला थेंब पडायच्या आधीच फांद्या मोडतात आणि पत्रे उडतात. म्हणजे ज्या क्षणी घरात शिरायचं, नेमक्या त्या क्षणी तुम्ही पत्र्यावर चढता.

वारा म्हणजे काय ताकद, हे तुम्हाला आकड्यांत दाखवते. खडू दे इकडे. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. एका चौरस मीटरवर किती न्यूटनचा दाब पडतो ते मिळतं. इंजिनिअर इमारतीच्या हिशेबासाठी हेच सूत्र वापरतात. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. वर्ग ४८४. गुणिले ०.६, सुमारे २९० न्यूटन. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर तीस किलोंचा रेटा. दहा फूट बाय चार फुटांचा पत्रा पावणेचार चौरस मीटरचा, त्यावर एकशेदहा किलो. आणि तुमच्या घरच्या पत्र्यावर काय ठेवलंय? चार दगड आणि एक जुना टायर. वेग निम्मा केला तर दाब निम्मा होईल, असं कोण पुटपुटलं? वर्ग केलाय, वर्ग! वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. हे सूत्र विसरलात तर गुण जातील एवढंच तुम्हाला वाटतं.

आता ते तिघे. कुठे उभे होतात? फलकाखाली. किवळे माहीत आहे ना? तुमच्यातले निम्मे तिथूनच येतात. १७ एप्रिल २०२३, सोमवार, संध्याकाळ. अशीच वावटळ, असाच पाऊस. महामार्गाच्या सेवा रस्त्यालगत काही माणसं आडोशाला थांबली होती आणि त्यांच्यावर जाहिरातीचा प्रचंड लोखंडी फलक कोसळला. पाच जण गेले. त्यातल्या चार बायका होत्या. तो फलक अनधिकृत होता. ती माणसं चुकली असं मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हटलेलं ऐकूनही घेणार नाही. भर पावसात माणूस जवळचा आडोसा बघतो. पण ते घडून गेल्यावर, आपल्याच गावाच्या वेशीवर घडून गेल्यावर, तुम्ही तिघे त्याच प्रकारच्या सांगाड्याखाली उभे राहता, हे मी कसं ऐकून घेऊ?

वर्ष उलटलं आणि १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला तेच झालं. पेट्रोल पंपावर फलक पडला, सतरा जण मेले. तो फलक १२० फूट बाय १२० फूट होता. परवानगी मिळते ती ४० बाय ४० पर्यंत. फरक किती? तिप्पट म्हणू नका. लांबी तिप्पट, उंची तिप्पट, क्षेत्रफळ नऊपट. मघाच्याच हिशेबाने, ताशी ८० किलोमीटरचा वारा समोरून आला तर ४० बाय ४० च्या फलकावर साडेचार टनांच्या आसपास रेटा येतो. १२० बाय १२० वर चाळीस टन. हे गणित नववीच्या पोराला येतं. ज्यांनी तो उभारला आणि ज्यांनी उभा राहू दिला, त्यांना येत नव्हतं असं मी मानत नाही.

म्हणजे दोष मोठ्यांचाही आहे. आहेच. तो मी झाकत नाही. पण मोठ्यांचा दोष दाखवून तुम्ही सुटाल, हे विसरा.

तुमच्या बफेलोतही काय झालं, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला नसेल, कारण त्याला लाइक मिळत नाहीत. २०२२ च्या नाताळात तिथे हिमवादळ आलं. कित्येक दिवस आधी सांगितलेलं होतं. बर्फ हटवणाऱ्या गाड्या आहेत, बर्फात राहायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, असं ते शहर. तरी त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं मेली. कोणी अडकलेल्या गाडीत, कोणी रस्त्यावर, कोणी थंड पडलेल्या घरात. गाड्या बाहेर काढू नका हा हुकूम निघाला तेव्हा वादळ सुरू झालं होतं आणि माणसं कामावर पोचली होती. ‘बर्फ काय, दरवर्षीच पडतो.’ आपण काय म्हणतो? ‘वळीव काय, दरवर्षीच येतो.’ वाक्य तेच. सवय झाली की माणूस इशारा वाचतो आणि पुढे सरकवतो.

३ जून २०२० आठवतं? तुम्ही लहान होता. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून आपल्याकडे आलं. मावळात, खेडमध्ये झाडं पडली, पॉलीहाऊस फाटली, वीज गेली. पण दोन-तीन दिवस आधीपासून सूचना होत्या, किनाऱ्यावरची माणसं हलवली होती, टाळेबंदीमुळे रस्ते ओस होते. वारा भयंकर होता आणि बहुतेक माणसं घरात होती. इशाऱ्याचा उपयोग असा होतो.

आणि उलट उदाहरण हवं असेल तर फार लांब जायला नको. कुंडमळा. १५ जून २०२५, रविवार. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल धोकादायक असल्याची पाटी होती. गर्दी पुलावर गेली, पूल पडला, चार जण गेले. पाटी असून तिचा उपयोग झाला नाही.

हवामान खातं तुम्हाला परकं वाटतं का? लोकलमध्ये बसून शिवाजीनगरला उतरा. सिमला ऑफिस चौक असं ज्याला सगळे म्हणतात, ते सिमला ऑफिस याच खात्याचं. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून ते नाव. विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप पाषाणच्या हवामान संशोधन संस्थेने बनवलं. वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते सांगतं. तुमच्या मोबाइलमध्ये गेम किती, आणि दामिनी किती जणांकडे? हात वर करा. ... दोन. शाब्बास. पन्नासात दोन.

त्या दोघी गुलमोहराखालच्या, तुम्हाला वाटलं असेल बाई विसरल्या. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांदी सगळ्यांत आधी त्याची मोडते. आणि वीज उंच झाड शोधते. लखलखाट दिसला की मोजायला लागा. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. क्लास बुडाला तर बुडू दे.

आता शेवटचं, आणि हे ऐकून कोणी खाली बघू नये. कॉलनीच्या कोपऱ्यावर, विजेच्या दोन खांबांच्या मध्ये, वाढदिवसाचा एक फ्लेक्स लटकतोय. दहा बाय दहाचा. मध्ये गॉगल लावलेले ‘भावी नगरसेवक’, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइजचे चेहरे. त्यातले चार चेहरे या वर्गात बसलेत. तो बांधला कोणी, हे मला विचारू नका, सुतळी कुठल्या दुकानातून आणली तेही मला माहीत आहे. काढा हिशेब. दहा बाय दहा म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. पावणेतीनशे किलोंचा रेटा, बांबूच्या चौकटीवर आणि तुमच्या सुतळीवर. वाऱ्यात ते शीड होतं, फक्त खाली होडी नसते, रस्ता असतो. आणि त्या रस्त्यावरून त्या वेळी कोण जातं? चाकणची पहिली पाळी तीन-साडेतीनला सुटते. तळवड्यावरून दुचाक्यांची रांग लागते. त्यात तुमचे वडील असतात, काका असतात, कंपनीत जाणाऱ्या आया असतात. किवळ्याचा फलक ज्यांनी उभारला त्यांना तुम्ही शिव्या घालता ना? तुमचाही तोच धंदा, फक्त आकार लहान.

काल खाली मान घालून जाणाऱ्यांना ओरडून मी मोकळी झाले असते. पण इशारा उद्यासाठीही आहे, आणि उद्याचा नारिंगी आहे. म्हणजे ‘तयार राहा’. तयार कसं राहायचं ते मी सांगते, लिहून घ्या.

आज घरी गेल्यावर पत्र्याचे हूक आणि नट बघायचे. सैल असतील तर मोठ्यांना दाखवायचं, स्वतः वर चढायचं नाही. किवळ्या-रावेतच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांनी गॅलरीच्या कठड्यावरच्या कुंड्या खाली घ्यायच्या. ज्यांचे आईवडील कंपनीत आहेत, त्यांनी दुपारी आभाळ भरलं की एक मेसेज टाकायचा: आभाळ आलंय, अर्धा तास गेटच्या आतच थांबा. उड्डाणपुलाखाली दुचाक्या लावून रस्ता अडवणाऱ्यांत आपला माणूस नको. तुटलेली तार दिसली तर जवळ जायचं नाही, दुसऱ्यालाही जाऊ द्यायचं नाही, मोठ्यांना सांगायचं. आणि व्हिडिओ काढायचाच असेल तर खिडकी बंद करून काचेआडून काढा. मॉनिटर, हे तुझ्यासाठी. आता बस.

आणि ते चौघे. शाळा सुटल्यावर वारा नसताना, कॉलनीतल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, विजेच्या खांबाला हात न लावता तो फ्लेक्स उतरवायचा. गुंडाळून उद्या सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. ‘दादा रागावतील’ हे कारण चालणार नाही. दादांना सांगा, बाईंनी उतरवायला लावलाय. त्यांना काही म्हणायचं असेल तर त्यांनी शाळेत यावं. त्यांनाही नववीला मीच शिकवलंय, आणि वर्गाचं हे सूत्र त्यांचं तेव्हाही चुकायचं.