वाटेवरचा जुना सोबती



पिके घरात येऊन शेतीची कामे सरली, म्हणजे आपल्या गावांतून प्रवासाचा हंगाम सुरू होतो. कोणी लग्नास निघतो, कोणी दवाखान्यास, कोणी कचेरीच्या कामास. भाकऱ्या बांधणे, गुरांची सोय लावणे, घर शेजाऱ्यास सोपविणे, ह्या गडबडीत मनुष्य असताना त्यास एकाएकी आठवते की, आपली गाडी ज्या गावावरून जाणार, तेथेच शाळेत आपल्या शेजारी बसणारा सोबती राहतो. त्याच्या दारी जाणे ही केवळ हौस आहे, की ते आपले कर्तव्य आहे?

कित्येकांचे म्हणणे असे की, शाळेतील मैत्री आपण निवडलेली नसते. मास्तरांनी जेथे बसविले तेथे आपण बसलो; जो शेजारी आला तो मित्र झाला. पुढे वाटा निराळ्या झाल्या. मग आता ऋण कसले? परंतु आईबाप, भावंडे व जन्मगाव ही तरी आपण कोठे निवडली होती? जे न मागता मिळाले, त्याचे ऋण तेवढ्याने फिटत नाही. शिवाय आज लोक आपणांस मान देतात तो बहुधा आपला हुद्दा व पैसा पाहून. ज्याने आपली अर्धी भाकर आपणांस दिली, त्याने ह्यांतले काहीच पाहिले नव्हते.

"वेळ मिळत नाही," असे आपण म्हणतो. पण खरी अडचण वेळेची नसून मानाची असते. जो वर चढला त्यास भीती वाटते की, हा काही मागेल. जो मागे राहिला त्यास लाज वाटते की, ह्यास आपले घर कसे दाखवावे. अशा रीतीने दोघेही दूर राहतात, आणि दोघेही म्हणतात, "आठवण मात्र फार येते हो!" आठवणीस पैसा पडत नाही व पायही दुखत नाहीत. हल्ली तर मोबाइलवर सकाळी फुलांचे चित्र पाठविले की मैत्री पाळल्याचे समाधान मिळते. नुसती आठवण ही मैत्रीची खूण होय, मैत्री नव्हे.

जोतीराव फुले हे १८४१ साली पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तेथे सदाशिव बल्लाळ गोवंडे हे त्यांचे सोबती होते. एक माळी, दुसरा ब्राह्मण. तरी शाळा सुटल्यावर ही मैत्री सुटली नाही. पुढे गोवंड्यांच्या सोबतीने जोतीराव अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास गेले, व तेथे मिस फॅरार ह्यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यातील मुलींची शाळा निघाली, तिच्या कारणांत ह्या प्रवासाची गणना होते. त्या वेळी ह्या देशात आगगाडी नव्हती. ती १८५३ साली आली. ती शाळा निघाल्यानंतर शंभर वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, पुणे व नगर ह्यांच्या दरम्यान एस. टी.ची पहिली गाडी धावली. रस्ता सोपा झाला. मन तितके सोपे झाले काय?

तेव्हा आमचे मत असे की, जावे. आधी कळवून जावे, म्हणजे घरच्या माउलीची धावपळ होणार नाही. आपल्या मुलांच्या नोकऱ्यांची यादी सांगत बसू नये, व त्याच्या घराच्या भिंती न्याहाळू नयेत. त्याने मदत मागितली तर जमेल तेवढी द्यावी. न जमल्यास स्पष्ट सांगावे. नकार मनुष्य सोसतो. टाळाटाळ त्यास सोसवत नाही.

आणि सोबती आता हयात नसेल, तर? तरीही जावे. त्याच्या मुलांनी बापाचे म्हातारपण पाहिले. बाळपण पाहिले नाही. तो झाडावर कसा चढे, कोणत्या गणितास अडे, कोणासाठी मार खाई, हे सांगणारा तुमच्यावाचून कदाचित कोणी उरला नसेल. ही त्यांची वडिलार्जित ठेव तुमच्यापाशी आहे. ती पोहोचती न करता ठेवणे बरे नव्हे.

म्हणून वाचकहो, पुढील प्रवासास निघण्यापूर्वी वाटेवरील गावांची नावे एकदा मनाशी म्हणून पाहावी. एखाद्या नावाशी जीभ अडखळली, तर तेथे उतरावे.