कोळंबी सोलणारे हात आणि पहिले शील



आपण वंदनेत पंचशील ग्रहण करतो. त्यातले पहिले शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आठवड्यातून एकदा तरी मासे नाहीतर मटण शिजते. हा विषय आपण चारचौघांत काढत नाही. निघालाच तर कोणी हसून बाजूला सारतो, कोणी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. बोट दाखवण्याचा एक प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडला, म्हणून हे लिहीत आहे.

बुद्ध पौर्णिमेला माझी आत्या मुंबईहून छत्रपती संभाजीनगरला आमच्याकडे आली होती. ती कुलाब्याच्या ससून डॉकवर कोळंबी सोलण्याचे काम करते. तिचा आवाज खणखणीत, गाथा तोंडपाठ. विहारात वंदना सांगायला तिला कोणीतरी पुढे बोलावले. तेवढ्यात एक वडीलधारे उपासक म्हणाले, "ज्यांची भाकरी मासळीवर चालते, त्यांनी पहिले शील इतरांना देऊ नये." आत्या मुकाट्याने मागे जाऊन बसली. मीही गप्प राहिले. मी शिक्षिका आहे. वर्गात माझा आवाज कधी अडत नाही, तो त्या दिवशी अडला. माझ्या बी.एड.ची फी त्याच कोळंबीतून भरली गेली होती, हे मला त्या वेळीही आठवत होते. पुढच्याच रविवारी आमच्या घरी नाथसागरातली रोहू शिजली, आणि मी ती खाल्ली.

६ डिसेंबरला आम्ही चैत्यभूमीवर अभिवादनाला गेलो. रात्री आत्याकडेच राहिलो. तिला म्हटले, "उद्या पहाटे मी तुझ्यासंगं येते." ती म्हणाली, "लुगडं घाण होईल बघ. ये."

ससून डॉक ही गोदी १८७५ सालची. जिच्या नावाने ती ओळखली जाते त्या सॅसून घराण्याची संपत्ती कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातली. तथागतांनी उपासकांना वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा आणि मादक द्रव्याचा व्यापार येतो. अफूवाल्याचे नाव गोदीला कायम राहिले. मागे जाऊन बसायची पाळी मात्र कोळंबी सोलणारीवर आली. असो.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंधारच होता. धक्क्याला बोटी एकीला एक लागून उभ्या. खलाशी मासळीच्या पाट्या खालून वर फेकत होते आणि वरचे अलगद झेलत होते. बर्फ फोडल्याचा आवाज, पायाखाली खारे पाणी, त्यात खवले. पापलेट, सुरमई, बोंबील, माकूल यांचे ढीग पडत होते आणि ढिगाभोवती कोळणी भाव बोलत होत्या. भाव तुटला की पाटी डोक्यावर गेलीच. एवढी मृत्यूची रास मी एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती. आणि कोणाच्याही चेहऱ्यावर क्रौर्य नव्हते, हेही सांगितले पाहिजे. झोप होती, घाई होती.

कोळंबी सोलणाऱ्या बायका एका बाजूला ओळीने बसल्या होत्या. पुढ्यात बर्फात भिजलेली कोळंबी, शेजारी घमेले. पैसे सोललेल्या वजनावर. बर्फाने बोटे बधिर होतात आणि डोक्याचा काटा घुसला तरी लगेच कळत नाही. आत्याची बोटे मी लहानपणापासून पाहत आले. ती अशी का, हे त्या पहाटे कळले.

मी विचारले, "आत्या, तुला या कामाचं वाईट वाटतं का गं?"

हात न थांबवता ती म्हणाली, "मारायचं काम आमचं न्हाई. हितं मेलेलंच येतं." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "कवाकवा पाटीत एखादा खेकडा जित्ता निघतो. तवा हात थांबतो."

वाचकहो, 'मेलेलंच येतं' हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. गावचे मेलेले ढोर ओढण्याचे काम आपल्या आज्या-पणज्यांकडे होते. ढोर त्यांनी मारलेले नव्हते. ज्याचे होते तो शुद्ध, आणि ओढणारा अशुद्ध! १९२७ च्या मार्चमध्ये महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा असे कळकळीने सांगितले, ते स्वाभिमानासाठी. मांस शिवल्याने माणूस विटाळतो असे त्यांनी कधीच मानले नाही.

आमच्या विहारातल्या वाक्यामागे मात्र तोच जुना विटाळ लपलेला आहे. आपण नवे बौद्ध, म्हणून जुन्या बौद्ध देशाकडेही एकदा पाहू या. जपानमध्ये ६७५ साली सम्राट तेन्मू याने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातल्या काही महिन्यांत खाण्यास बंदी केली. त्या यादीत मासा नव्हता. पुढे शतकानुशतके मासा सगळ्यांनी खाल्ला. पण जनावर कापणारे आणि कातडे कमावणारे यांना 'एता' म्हणजे अत्यंत मलिन ठरवून वस्तीबाहेर ठेवले गेले. कायद्याने ते नाव १८७१ साली गेले, अपमान गेला नाही. म्हणून १९२२ साली त्या लोकांना 'सुईहेइशा' ही स्वतःची संघटना उभारावी लागली. टोकियोच्या त्सुकिजी भागात १९३५ पासून २०१८ पर्यंत जगातला एक मोठा मासळीबाजार होता. तो आता तोयोसूला गेला आहे. पहाट होता होता तिथे भल्यामोठ्या ट्यूना माशांचा लिलाव चाले. तिथून थोड्याच अंतरावर १९३४ साली बांधलेले होंगानजी बुद्धमंदिर आहे आणि त्याची कमान पाहिली की आपल्या अजिंठ्याच्या चैत्याची आठवण व्हावी. मासळी विकणारा तिथे बाहेरचा नव्हता, कातडे कमावणारा होता. अहिंसेचे शील तेच; कोणाला दूर लोटायचे ते रूढीने ठरवले.

आता कोणी म्हणेल, मग शील गुंडाळून ठेवायचे काय? मुळीच नाही. भिक्षूंनी मासे-मांस कायमचे वर्ज्य करावे असा आग्रह देवदत्ताने धरला, तेव्हा भगवंतांनी तो मान्य केला नाही. जीवकाला त्यांनी सांगितले की, आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस भिक्षूने घेऊ नये. हे आपल्याकडे पुष्कळजण सांगतात आणि सुटकेचा श्वास टाकतात. पण भिक्षू पात्रात पडेल ते घेतो. मी पैसे मोजते आणि मासा निवडते. मासळी माझ्यासाठीच आली, ही शंका मला यायलाच हवी.

आणि न पाहणे म्हणजे शुद्ध राहणेही नव्हे. बाबासाहेबांनी १९५० साली आपल्या शहरात काढलेल्या महाविद्यालयाला ज्याचे नाव आहे त्या मिलिंद राजाने नागसेनाला विचारले होते, जाणून पाप करणाऱ्याचे पाप मोठे की नकळत करणाऱ्याचे? नागसेन म्हणाला, नकळत करणाऱ्याचे. तापलेला लोखंडी गोळा न जाणता धरणारा जास्त भाजतो. नागसेनवनातून मी कितीदा गेले असेन, हा प्रश्न माझ्या ताटाशी कधी आणला नव्हता.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, आणि अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे असे सांगितले आहे. नियम पाळला की माणूस निश्चिंत होतो. तत्त्व निश्चिंत होऊ देत नाही. प्रत्येक वेळी गरज किती आणि चव किती, हे विचारायला लावते. जिवंत खेकड्यापाशी आत्याचा हात थांबतो, तिथे मला तत्त्व दिसले. माझा हात बाजारात कधीच थांबलेला नव्हता.

मांसाचा व्यापार तथागतांनी वर्ज्य सांगितला हे खरे. पण बोट आत्याची नाही, बर्फ तिचा नाही, भाव तिचा नाही. आपल्या भाकरीसाठी ती दुसऱ्याच्या मालावर हात झिजवते. हे म्हणून मी तिला पुरते मोकळे करत नाही. तीही स्वतःला करत नाही. दुसरे काम मिळाले तर ती आज सोडील. मिळवून द्यायला विहारातले कोणी पुढे आलेले नाही, मीसुद्धा नाही. मासे मी अजून पूर्ण सोडलेले नाहीत. १ जून ते ३१ जुलै, मासळीच्या विणीचा काळ म्हणून आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. निदान ते दोन महिने आमच्या चुलीवरही मासा चढणार नाही, एवढे घरात ठरले आहे. हे थोडे आहे, मला माहीत आहे.

त्या पहाटे मी आत्याशेजारी बसून कोळंबी सोलून पाहिली. माझ्या वीस कोळंब्या होईतो तिचे घमेले भरत आले. माझ्या सोललेल्यांना पाय तसेच राहिले होते. तिने त्या काही न बोलता पुन्हा सोलल्या. उजाडल्यावर तिने लिंबाची साल हाताला चोळली, वास घेतला आणि म्हणाली, "न्हाई जात."

येत्या वैशाख पौर्णिमेला ती पुन्हा येणार आहे. वंदना तिने सांगावी असे मी विहाराच्या मंडळींना कळवले आहे, आणि त्या वडीलधाऱ्या उपासकांच्या घरी जाऊन त्यांनाही निमंत्रण दिले आहे. ते अजून हो म्हणालेले नाहीत.