शिट्टी नसलेला खेळ



रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेचा किनारा लागतो. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे काही मुले वाळूत रेषा आखून तबकडीचा खेळ खेळत होती. एकाने धावत तबकडी झेलली. गुण मिळाला म्हणून आरडाओरडा झाला. तेवढ्यात त्याच्याच संघातला मुलगा म्हणाला, "नाही रे, तुझा पाय रेषेबाहेर होता." झेलणारा क्षणभर हिरमुसला, मग त्याने तबकडी देऊन टाकली.

या खेळाचे नाव अल्टिमेट फ्रिस्बी. १९६८ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीच्या शाळकरी मुलांनी तो सुरू केला. वाळूवर दोन्ही बाजूंनी पाच-पाच जण खेळतात. २०१७ मध्ये फ्रान्समधील रोयान येथे त्याची जागतिक स्पर्धा झाली. तिथेही शिट्टी वाजवून निर्णय देणारा पंच नव्हता. धक्का लागला तर खेळाडूच सांगतो. समोरच्याला पटले नाही, तर दोघे बोलून ठरवतात. सामन्यानंतर प्रत्येक संघ दुसऱ्याला खिलाडूवृत्तीचे गुणही देतो.

देशाची प्रतिष्ठा पणाला लागली असता हे जमेल का? शंका रास्त आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन व्यावसायिक लीगने पंच नेमले. मात्र पंचाने चुकून आपल्या बाजूने दिलेला निर्णय नाकारण्याची मुभा तिथेही खेळाडूला आहे.

या खेळाच्या नियमांत एक अपेक्षा आहे: आपल्या जोडीदाराने चूक केली, तर ती आपणच त्याला सांगावी. मला हीच सर्वांत कठीण वाटते. परक्याची चूक आपल्याला लांबून दिसते. घरच्याची दिसूनही आपण गप्प बसतो. गडगा रचताना भाऊ तो वीतभर शेजाऱ्याच्या जागेत सरकवतो. आपण पाहतो आणि म्हणतो, "आपलाच आहे, कशाला बोला?" पुढे प्रकरण कोर्टात जाते, दोन घरांचे येणे-जाणे तुटते, आणि भावाच्या वाट्यालाही मनस्तापच येतो. त्याच दिवशी सांगितले असते, तर चार चिरे हलवून भागले असते.

भावावर माया असेल, तर त्याला वेळीच थांबवायला हवे. चारचौघांत नव्हे, बाजूला घेऊन, हळू आवाजात. तो रागावेल, कदाचित दोन दिवस बोलणारही नाही. तेवढी किंमत मोजायची आपली तयारी आहे का? या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या मनाला एवढेच विचारू या.