किंमत, कर्तृत्व आणि पाचवे कारण

फँटसी प्रीमियर लीग या फुटबॉलवरच्या ऑनलाइन खेळात खेळाडूची किंमत ०.१च्या टप्प्याने हलते. ती हलवतात त्या खेळाडूला आपल्या संघात घेणारे-काढणारे लाखो लोक. म्हणजे या किमतीचा अंदाज बांधताना संख्याशास्त्र भाकीत करते ते गर्दीच्या मनाचे.

मग माणसाचे मोल कुठे?

पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला चेन्नईने २०१९च्या आयपीएलसाठी २० लाखांत घेतले. २०२१मध्ये ६३५ धावा काढून त्याने सर्वाधिक धावांची ऑरेंज कॅप मिळवली. पुढच्या हंगामासाठी संघाने त्याला ६ कोटींना राखले.

२० लाखांचे ६ कोटी कशाने झाले? गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे मोजतो: अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध प्रयत्न आणि दैव. वलवण धरणातला साठा मोजता येतो, येत्या आषाढाचा पाऊस नाही. तसेच या पाचव्या कारणाचे, दैवाचे. म्हणून खेळाडूच्या अंदाजित किमतीशेजारी तो अंदाज चुकण्याची शक्यताही ठळक छापली पाहिजे.