नवी आवृत्ती कुणासाठी?

जालना जिल्ह्यातल्या हसनाबादसारख्या बाजारगावात घराची आखणी बराच काळ गवंडीच करत आला. जागेवर सुतळी ताणायची, फक्की टाकायची आणि मालकाला विचारून भिंती उभ्या करायच्या. गृहकर्जाची फाइल, मंजुरीची सही आणि आरसीसी कॉलम आले, तसा गवंड्याच्या आधी नकाशावाला आला. आयटीआयमधून आरेखक (स्थापत्य) किंवा पॉलिटेक्निकमधून सिव्हिल डिप्लोमा केलेला हा माणूस एका संगणकावर आणि एका प्रिंटरवर तालुक्यातली घरं आखतो. भोकरदन काय किंवा जालना काय, त्याच्या टेबलावरचा प्रश्न एकच असतो: ऑटोकॅडची जुनी आवृत्ती चालवत राहायची, नवी घ्यायची, की सरळ रेव्हिटसारख्या त्रिमितीय प्रणालीकडे वळायचं?

याचं उत्तर बहुधा नव्या आवृत्तीत काय काय आलं, या यादीत शोधलं जातं. माझ्या मते ते नकाशा कुणाच्या हातात जाणार आहे, यात शोधायला हवं. आरेखकाच्या पडद्यावर नकाशा फार तर काही दिवस असतो. पुढे तो गवंडी, सेंट्रिंगवाला, बँकेचा अधिकारी, ग्रामपंचायत आणि मालक यांच्याकडे राहतो. यांच्यापैकी कुणाची अडचण नव्या आवृत्तीमुळे सुटत असेल, तर ती घ्यावी. कुणाचीच सुटत नसेल, तर तो खर्च हौसेचा समजावा.

आधी 'जुन्यात फाइल उघडणार नाही' या भीतीचं बघू. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आलं. रेघ ओढणं, समांतर रेघ घेणं, जादा भाग छाटणं, मापं टाकणं, लेयर लावणं ही त्याची मूळ कामं १९९७च्या 'रिलीज १४'मध्ये पक्की झाली होती. त्यावर शिकलेला आरेखक आजही त्याच आज्ञांवर दोन खोल्यांचं घर काढू शकतो. फाइलची रचना मात्र २००४, २००७, २०१०, २०१३ अशी दर तीन वर्षांनी बदलत गेली. पुण्याहून आलेली फाइल तालुक्यात उघडेना, म्हणून लोकांना नाइलाजाने आवृत्ती बदलावी लागे. पुढे 'ऑटोकॅड २०१८'बरोबर आलेली रचना अनेक आवृत्त्यांत तशीच चालू राहिली आणि नव्या आवृत्तीतून जुन्या रचनेत फाइल साठवण्याची सोय तर आधीपासूनच होती. त्यामुळे द्विमितीय कामापुरती ही भीती आता बरीच ओसरली आहे.

रेव्हिटचं तसं नाही. नव्या रेव्हिटमध्ये साठवलेली फाइल जुन्यात उघडत नाही आणि मागच्या रचनेत साठवताही येत नाही. तिथे आवृत्ती बदलायची म्हणजे वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि प्लंबिंगचा सल्लागार या सगळ्यांनी एकदम बदलायची. नागपूर मेट्रोसारख्या प्रकल्पात ते परवडतं. शेकडो माणसं एकाच प्रतिमानावर काम करतात, वेळापत्रक आणि खर्चही त्यालाच जोडलेला असतो. हसनाबादच्या घरात मात्र साखळीतला पुढचा माणूस सेंट्रिंगवाला असतो. त्याला छापील कागद लागतो आणि त्यावरची मापं ठळक लागतात.

तरीही त्रिमितीच्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही. गावाकडच्या घरात जिन्याखाली न्हाणीघर किंवा संडास काढण्याची पद्धत सर्रास आहे. प्लॅनवर ते छान बसतं. आता हिशोब करू. मजल्याची उंची १० फूट धरली, तर १८ पायऱ्यांत प्रत्येक पायरी पावणेसात इंचांच्या आत बसते. जिना मधोमध वळवला, तर नऊ पायऱ्यांनंतर लँडिंग येतं, म्हणजे बरोबर ५ फुटांवर. त्यातून ५ इंचांचा स्लॅब वजा केला की खाली उरतात ४ फूट ७ इंच. त्यात माणूस ताठ उभा राहू शकत नाही. लँडिंग बारा पायऱ्यांनंतर घेतलं, तर खाली सव्वासहा फूट मिळतात. पण मग १० इंची पायठ्यांचा पहिला टप्पा लांबतो आणि जिन्याला लँडिंग धरून ९ फूट ८ इंचांऐवजी १२ फूट २ इंच लांबी लागते. हे अडीच फूट कोणत्या तरी खोलीतून काढावे लागतात आणि ते स्लॅब पडायच्या आधीच ठरवावे लागतात. प्लॅनवर यातलं काहीच दिसत नाही. त्रिमितीय प्रतिमानात ते लगेच डोळ्यात भरतं. शिवाय प्लॅन वाचता न येणाऱ्या घरच्या बाईलाही आपलं न्हाणीघर कसं होणार, हे तिथे बघता येतं आणि हरकत घेता येते. हा फायदा खरा आहे.

पण हीच चूक ड्रॉइंग बोर्डावरही पकडता येत होती. जिन्यातून एक सेक्शन कापला की झालं. तालुक्याच्या नकाशांत सेक्शन असतो, पण तो मंजुरीचा कागद पुरा करण्यापुरता. अनेकदा आधीच्या नकाशावरून उचलून आणलेला आणि बहुधा जिना टाळून कापलेला. ज्याला सेक्शन काढायचा कंटाळा आहे, तो रेव्हिटमध्येही लँडिंगची उंची न बघता पुढे जाईल. म्हणून नवी प्रणाली घेण्याआधी प्रत्येक घराला जिन्यातून एक सेक्शन काढायची सवय लावावी. त्यासाठी सॉफ्टवेअरचं कुठलं भाडं पडत नाही.

काही वेळा बदलायचं असतं ते सॉफ्टवेअर नसतंच. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई आणि मोजके अपवाद सोडून राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे युडीसीपीआर लागू झाली. चटई क्षेत्राचा हिशोब 'पी-लाइन'वर, म्हणजे बांधकामाच्या बाहेरच्या कडेच्या रेषेवर आला. बाल्कनी, जिना वगळून क्षेत्र मोजायची जुनी रीत गेली आणि त्याऐवजी पूरक क्षेत्र आलं, निवासी इमारतींना ६० टक्क्यांपर्यंत. ग्रामीण भागात सुमारे ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधायला नगररचनाकाराकडे जावं लागणार नाही, असं सरकारने जाहीर केलं. पण नकाशा नियमांत बसतो, हे परवानाधारक तांत्रिक माणसाने प्रमाणित करायचं. म्हणजे सरकारी तपासणी कमी झाली आणि जबाबदारी सही करणाऱ्यावर आली. असा माणूस ऑटोकॅडची कुठलीही आवृत्ती वापरो, पी-लाइन कळली नसेल तर त्याचा नकाशा जुनाच.

शहरी हद्दीत अर्ज ऑनलाइन गेल्यावर मात्र सॉफ्टवेअरचा प्रश्न खरोखर उभा राहतो. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीच्या ऑटोडीसीआरसारख्या प्रणाली नकाशा स्वतः वाचतात. भिंती, खोल्या, मोकळी जागा ठरवून दिलेल्या लेयरवर आणि बंद पॉलिलाइनमध्ये नसतील, तर नकाशा परत येतो. नगर परिषदेचं काम घेणाऱ्या आरेखकाला त्या प्रणालीशी जुळणारी आवृत्ती ठेवावीच लागते आणि तो खर्च त्याने फीमध्ये धरावा.

आता पैशाचं आणि मालकीचं. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर आपलं, असा आपला समज असतो. अमेरिकेत सिएटलच्या एका वास्तुरचना कार्यालयाने 'रिलीज १४' सोडून सवलतीत 'ऑटोकॅड २०००' घेतलं. करारानुसार जुन्या प्रती नष्ट करायच्या होत्या, पण त्या विकल्या गेल्या आणि टिमथी व्हर्नर यांनी ईबेवर विक्रीला काढल्या. ऑटोकॅड आणि रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीविरुद्ध खालच्या न्यायालयात व्हर्नर जिंकले. १० सप्टेंबर २०१० रोजी अपील न्यायालयाने निकाल फिरवला: ग्राहकाला मिळतो तो वापरायचा परवाना, प्रतीची मालकी मिळत नाही. पुढे फेब्रुवारी २०१६पासून ऑटोडेस्कने ऑटोकॅडचे नवे कायमस्वरूपी परवाने विकणंही थांबवलं. भाडं भरायचं, तोवर वापरायचं. ही तक्रार गरिबांचीच आहे असंही नाही. २०२० साली झाहा हदीद आर्किटेक्ट्ससह अनेक ब्रिटिश वास्तुरचना कार्यालयांनी ऑटोडेस्कला जाहीर पत्र लिहिलं. रेव्हिटचा खर्च वाढतोय आणि सुधारणा त्या मानाने होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

आपल्याकडे या भाड्यावरचा रूढ उपाय म्हणजे क्रॅक. त्यावर उघड कुणी बोलत नाही, पण त्याला वगळून केलेला हिशोब खोटा ठरेल. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार नकली प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली, तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यवहारातला धोका त्याहून जवळचा आहे. क्रॅकबरोबर आलेल्या व्हायरसने डिस्क गेली, तर दहा वर्षांचे नकाशे जातात. ज्याला भाडं झेपत नाही, त्याच्यासमोर आज चोरी हा एकच मार्ग नाही. डीडब्ल्यूजी फाइल वाचणारे आणि एकदाच पैसे भरून कायमचे घेता येणारे ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅडसारखे पर्याय आहेत. साध्या द्विमितीय कामाला लिब्रेकॅड तर फुकट आहे.

जुनं धरून बसायलाही मर्यादा आहे. जुन्या सॉफ्टवेअरला जुनं विंडोज लागतं, त्याला जुना संगणक, आणि तो बंद पडला की सगळंच अडतं. विंडोज १०ची देखभालही ऑक्टोबर २०२५मध्ये थांबली. बदल अटळ असेल, तर तो डिस्क जाण्याआधी आणि हातात काम कमी असताना करावा.

आपल्याकडच्या घरांचं एक वैशिष्ट्य या निर्णयात सर्वांत महत्त्वाचं ठरतं. तळमजला बांधून झाला तरी गच्चीवर कॉलमचे बार वर सोडलेले असतात. मुलगा कमावता झाला की वरचा मजला चढवायचा असतो. त्याला दहा वर्षं लागतील, पंधराही लागतील. त्या वेळी फुटिंग किती खोल होतं आणि कॉलममध्ये कुठल्या जाडीचे किती बार टाकले, हे सांगायला नकाशाच लागणार. तेव्हा आज घेतलेली आवृत्ती बाजारात नसेल आणि आरेखकाने कदाचित धंदाही बदललेला असेल. म्हणून घर पुरं झालं की मालकाला तीन गोष्टी द्याव्यात: कुठल्याही कॅडमध्ये उघडेल अशी डीएक्सएफ फाइल, मोबाइलवर दिसेल अशी पीडीएफ आणि प्रत्यक्ष बांधलेल्या मापांचा सहीचा छापील संच. नकाशाचे पैसे मालकाने मोजलेले असतात. त्याला स्वतःच्याच घराची माहिती मिळवायला दुसऱ्याचं भाडं चालू असावं लागू नये.

तेव्हा निर्णयाचा क्रम असा: ज्या कार्यालयात नकाशा दाखल करायचा ते नवी आवृत्ती मागतं का, संगणक किंवा परवाना लवकरच साथ सोडणार आहे का, आणि नव्या साधनामुळे जागेवरची एखादी चूक टळणार आहे का. तिन्हींची उत्तरं नकारार्थी असतील, तर त्या वर्षीचे पैसे चांगला प्रिंटर, जादा हार्ड डिस्क आणि युडीसीपीआरच्या अभ्यासावर घालावेत. छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला नोकरी करू पाहणाऱ्या तरुणाने रेव्हिट जरूर शिकावं, विद्यार्थ्यांना ते मोफत मिळतं. पण ते शिकण्याचा खर्च त्याच्या स्वतःच्या करिअरचा आहे. हसनाबादच्या घरमालकाच्या बिलात तो टाकायचा असेल, तर त्याबदल्यात घरात काय सुधारलं, हे त्या मालकाला दाखवता आलं पाहिजे.