मांजर कोणाचे?

आपल्या सणावारांत जनावरांची मोठी बूज राखलेली आहे. दिवाळीचा पहिला दिवा लागतो तो वसुबारसेला, गाईवासरापुढे. बैलाला बेंदूर किंवा पोळा आहे, नागाला पंचमी आहे. कुत्रा दत्ताच्या पायाशी जाऊन बसला आहे आणि उंदराने तर प्रत्यक्ष गणपतीला पाठीवर घेतले आहे. राहता राहिले मांजर. बंगालमध्ये षष्ठीदेवीचे वाहन म्हणून त्याला मान आहे. आपल्याकडे मात्र त्याच्या नावाने वर्षभरात एक निरांजनही लागत नाही. उलट ते वाटेत आडवे गेले की आपण दोन पावले मागे सरतो, आणि मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे मुलांना बजावतो. म्हणजे भीती आहे, पूजा नाही.

मला वाटते, ज्याचा हिशेब लागतो त्याचीच पूजा करणे माणसाला सोपे जाते. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्रा हाक मारताच येतो. मांजराला हाक मारावी तर ते कान तेवढा वळवते. ऐकू आले आहे एवढेच ते कळवते. यायचे की नाही, हा त्याचा प्रश्न. असल्या प्राण्याला 'आमचे' म्हणावे की नाही, हा विचार वरवर गमतीचा वाटला, तरी त्याच्या पोटात एक गंभीर गोष्ट दडलेली आहे.

भोर आणि वेल्हे हे भाताचे मुलूख. वेल्ह्याला आता सरकारदरबारी राजगड तालुका म्हणतात, पण जुन्या माणसांच्या तोंडी वेल्हेच आहे. तोरण्याच्या नि राजगडाच्या पायथ्याशी पाऊस चार महिने ठाण मांडून बसतो. पुढे भात कापून, झोडपून, वाळवून घरात येते आणि कणगीत जाते. कणगीमागोमाग उंदीर येतो आणि उंदरामागोमाग मांजर येते. त्याला कोणी आमंत्रण देत नाही. एके दिवशी चुलीच्या उबेला ते बसलेले दिसते, आणि 'हे कधी आले?' असे घरातली माणसे एकमेकांना विचारतात. जगात सगळीकडे हे असेच घडले असावे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले. संशोधकांनी ते २००४ साली जाहीर केले. शेती आली, धान्य साठले, उंदीर माजले आणि त्यांच्या मागावर पश्चिम आशियातले रानटी मांजर माणसाच्या उंबऱ्यापर्यंत आले. गाईला दावे लावून आणावे लागले. मांजर आपण होऊन आले. हा फरक ते अजून विसरलेले नाही.

आमच्या घरी मनी आहे. मी मुलांच्या वह्या तपासायला बसलो की ती नेमकी उघड्या वहीवर येऊन बसते. फुटपट्टीने हळूच सरकवली तर शेजारच्या वहीवर बसते. तिच्यासाठी मऊ घडी अंथरली तर तिला सूप हवे असते, आणि सुपात जागा करून दिली तर धुतलेल्या कपड्यांची बुट्टी. दार लावलेले असेल तर बाहेर जाण्यासाठी आकांत करते. दार उघडावे तर उंबऱ्यावर बसून जावे की न जावे याचा विचार करू लागते. आणि रात्री सारे घर निजले की कारण नसताना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अशी धावत सुटते, की तोरणा जणू आज रात्रीच घ्यायचा आहे.

या लीलांचा अर्थ जाणकार लोक सांगतात तो मोठा बोधप्रद आहे. मांजर आपल्या पायाला गाल घासते तेव्हा आपल्याला वाटते, लाडात आले आहे. ते लाडात असेलही. पण त्याच्या गालाशी गंधाच्या ग्रंथी असतात आणि घासता घासता ते आपल्यावर आपली खूण करून ठेवते. सातबारावर नाव आमचे असले तरी मांजराच्या दप्तरात मालकीची नोंद उलटी आहे. मोठी मांजरे एकमेकांशी बोलताना सहसा म्याव म्हणत नाहीत. पिले आईला हाक मारतात तशी ती माणसाला हाक मारतात. आणि मांडीवर बसून कणीक तिंबल्यासारखे पाय दाबत राहणे, ही तर पिलाची आईच्या अंगाशी दूध पितानाची सवय. म्हणजे ज्या क्षणी आपण स्वतःला मांजराचे धनी समजत असतो, त्या क्षणी मांजराच्या लेखी आपण आईच्या जागी असण्याचा संभव आहे.

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचे, असे आपल्याकडे म्हणतात. त्याच्याही पुढे जाऊन कोणी म्हणतात, मांजर कोणाचेच नसते. या दुसऱ्या वाक्याविषयी मला शंका आहे. ते मांजराचा स्वभाव सांगते तसे वाटते. प्रत्यक्षात ते आपली सोय सांगते. कणगीपाशी उंदीर धरला की ती 'आमची मनी' असते. तीच माळ्यावर पाच पिलांना घेऊन सापडली की 'कुठली कोण येऊन व्यायली' अशी तिची ओळख होते. मांजर पिलांना सात घरे फिरवते असे म्हणतात. ती बिचारी सात घरे फिरवीत असेल. आठव्या वेळी फिरवण्याचे काम माणूस करतो. दिवाळीच्या तोंडावर साफसफाई निघते, माळ्यावरचे सामान खाली येते, मोडक्या टोपलीत पिले दिसतात, आणि मग एखादे पोते शोधले जाते. पोत्यात पिले घालायची, नदीपलीकडे किंवा दुसऱ्या गावाच्या वेशीबाहेर न्यायची. त्यांना परतीची वाट सापडू नये म्हणून पोते दोनतीनदा गरगर फिरवायचे, आणि तोंड सोडून मागे न बघता निघून यायचे. ही रीत इतकी जुनी आहे की तिच्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

एकदा पाचवीच्या वर्गात 'माझा आवडता प्राणी' हा निबंधाचा विषय होता. लिहिण्याआधी मुलांना बोलते करावे म्हणून मी विचारले, "मांजर कोणाचे असते?" एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "कुणाचंच नसतं गुरुजी. ज्याच्या घरी दूध, त्याचं." वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. तो वेल्ह्याकडच्या एका वाडीतून येई, बोलायचा कमी. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मग गुरुजी, कुणाचंच नसतं, तर त्यानं घराची वाट विसरावी म्हणून पोतं कशाला फिरवायचं?"

या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या मुलाने न्यायशास्त्र वाचलेले नव्हते, पण त्याने बोट ठेवले ते बरोबर सांध्यावर. जे आपले नाही त्याला आपली वाट विसरायला लावावे लागत नाही. पोते फिरवणारा हात मनातून जाणत असतो की हे पिलू परत येईल, आणि परत येईल ते कुठल्याही घरी नव्हे, याच घरी. पोते फिरवणे हीच नात्याची कबुली आहे. घर सुटणे म्हणजे काय, हे या दोन तालुक्यांना कोणी शिकवायला नको. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, गुंजवणी. इतक्या धरणांच्या पाण्याखाली इथल्या माणसांची घरे, शेते, देवळे गेली आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या गावाच्या खुणा बघायला जाणारी म्हातारी माणसे इथे आहेत.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एका मांजराची गोष्ट सांगतात. लोमश नावाचे मांजर पारध्याच्या जाळ्यात सापडते. पलित नावाच्या उंदरावर त्याच वेळी मुंगूस आणि घुबड टपलेले असतात. उंदीर मांजराशी करार करतो, त्याच्या अंगाशी लपून जीव वाचवतो, आणि पारधी अगदी जवळ आल्यावरच जाळे तोडतो. आधी तोडले तर मांजरच आपल्याला खाईल, हे त्याला ठाऊक असते. पुढे मांजर मैत्रीच्या गोड गोष्टी बोलू लागते तेव्हा पलित साफ सांगतो की आपला संबंध गरजेपुरता होता, गरज संपली. राजनीती म्हणून ही गोष्ट अस्सल आहे. दुबळ्याने प्रबळाशी असेच वागावे. पण घरात प्रबळ कोण आणि दुबळे कोण? उंदीर असेतो दूध आणि पिले झाली की पोते, असा हिशेब आपण ठेवतो, तेव्हा उंदराची सावधगिरी आपण बलवान असून वापरतो. दुबळ्याला जे शहाणपण शोभते ते बलवानाच्या हाती गेले की त्याचे निष्ठुरपण होते.

याच मांजराने आपल्या तत्त्वज्ञांना दुसराही एक दृष्टान्त दिला आहे. रामानुजांच्या परंपरेत वाद झाला, की देव भक्ताला तारतो तो कसा? वडगलै म्हणाले, माकडाच्या पिलासारखे भक्ताने आईला घट्ट धरले पाहिजे. तेंगलै म्हणाले, मांजराचे पिलू काहीच धरीत नाही. आईच त्याला तोंडात धरून नेते. पहिला मर्कटन्याय आणि दुसरा मार्जारन्याय. ज्या दातांनी उंदराची मान मोडते त्याच दातांत पिलाची मान असते आणि तिला ओरखडाही उठत नाही. देवाकडून आपण सारे मार्जारन्यायाचीच अपेक्षा करतो. आपले कर्तृत्व न बघता त्याने आपल्याला उचलून न्यावे, असे प्रत्येक प्रार्थनेत म्हणतो. मग आपल्या माळ्यावर आलेल्या जिवाला मर्कटन्याय का लावावा? तुला चिकटून राहता आले तर राहा, नाही तर वेस आहेच!

यावर कोणी गृहिणी म्हणेल, "गुरुजी, तुमचे सारे खरे, पण वर्षातून दोनदा पाच-पाच पिले, त्यांना खायला काय घालू? लेकराचे दूध?" हा आक्षेप खोटा नाही, आणि ज्या घरात दुधाचा हिशेब करावा लागतो त्या घराला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण जबाबदारी म्हणजे दुधाची वाटी नव्हे. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचतही नाही. मांजरी पाचसहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. त्याआधी जनावरांच्या डॉक्टरकडून तिची शस्त्रक्रिया करून घेणे हे पोत्यापेक्षा थोडे अधिक खटाटोपाचे, पण पुष्कळ अधिक माणुसकीचे आहे. तेही न जमले तर चार घरी विचारून पिलांची सोय लावता येते. पुणे महानगरपालिकेने २०२२ साली पाळीव मांजरांच्या नोंदणीचा नियम करण्याचे ठरवले. नोंदणी म्हटली की मालकाचे नाव आलेच. आमच्या वाड्यावस्त्यांवर असला कागद आलेला नाही. पण ज्याचे नाव कोणत्याही कागदावर नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरूनच आपली परीक्षा होते.

मराठीत आपण 'मांजर पाळणे' म्हणतो. हाच शब्द आपण आणखी कुठे वापरतो ते पाहावे. दिलेला शब्द पाळायचा असतो, पथ्य पाळायचे असते, व्रत पाळायचे असते. यांतल्या कशाचीही मालकी आपल्याकडे नसते. दिलेल्या शब्दाचे आपण मालक नसतो, आपण त्याला बांधलेले असतो. आणि तो मोडला तरी तो आपलाच शब्द होता, हे काही पुसले जात नाही. मांजर पाळणे हे त्याच जातीचे पाळणे आहे. ते आपली आज्ञा मानणार नाही, हाकेला येणार नाही, उपकार स्मरेल याची खात्री नाही. तरी आपल्या चुलीच्या उबेला ते निर्धास्त झोपले आणि आपण त्याला झोपू दिले, त्या वेळी न बोलता एक शब्द दिला गेला. मांजर कोणाचे, याचे उत्तर मांजराला विचारून मिळणार नाही. आपण कोणाचे, एवढेच ठरवायचे असते.