पाणी, रंग आणि आपली कविता

मी इचलकरंजीत प्रोसेस मिलमध्ये जिगरवर कापड रंगवतो. पाळी सुटते, हाताचा रंग सुटत नाही. त्याच हातानं कविता लिहितो. परवा एका मित्रानं झापलं, "नदीबिदीवर काय लिहितोस? ते पांढरपेशांचं काम. आपण जातीवर लिहायचं, भाकरीवर लिहायचं."

मित्रहो, त्याचं अर्धं खरं आहे. पुस्तकातला पाऊस खिडकीतून बघायचा होता. आमच्या घरात तो पत्र्यातून गळायचा, आई खाली पातेलं लावायची.

पण अर्धंच खरं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याले ते तहान लागली म्हणून नव्हे. आपण माणूस आहोत हे सांगायला. मागाहून सवर्णांनी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं. शेण-मूत चाललं, माणसाची ओंजळ चालली नाही! 'शुद्ध पाणी' कशाला म्हणायचं हेही जातच ठरवत आली. मग पाण्यावर लिहिणं म्हणजे जातीवर लिहिणं नव्हे काय?

पंचगंगा प्रयाग चिखलीहून निघते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते. वाटेत शहरांची घाण आणि कारखान्यांचं पाणी पोटात घेते. २०१२ साली आमच्या गावात काविळीची साथ आली, माणसं दगावली. ज्याला परवडतं तो जार विकत घेतो. बाकीच्यांना नळ.

आता अवघड प्रश्न. गटारात जाणारा रंग माझ्याच जिगरचा. मग मी गुन्हेगार का? पाणी साफ करायचं की तसंच सोडायचं, हे मला कोण विचारतो? मिल बंद करा असंही मला म्हणवत नाही, चूल तिच्यावर आहे. पण पाणी साफ करायचा खर्च मालकाच्या नफ्यातून जावा, शेजारच्या पोराच्या काविळीतून नको, एवढं तर म्हणता येतं. ते न म्हणणं हा मात्र माझा गुन्हा.

कायदा आहे, १९७४ पासून आहे. चवदार तळंही महाडच्या नगरपालिकेनं १९२४ लाच कागदावर खुलं केलं होतं. तरी तीन वर्षांनी पायांनी चालत जावं लागलं.

तेव्हा दोस्तांनो, आपल्या वस्तीत पाणी कुठनं येतं, कुठं जातं, ते आधी चालत जाऊन बघा. मग लिहा.

जय भीम.